डावीकडचं दीड इंच

मार्जिनबाई कागद वाचत नसत. म्हणजे वाचता येत नव्हतं असं नाही, मराठी-इंग्रजी दोन्ही फाडफाड वाचायच्या. पण टाईप केलेला कागद हातात आला की त्या आधी खिडकीशी जायच्या, तो उजेडात धरायच्या आणि अक्षरं सोडून उरलेला पांढरा भाग बघायच्या. वर किती सुटलंय, खाली किती, दोन परिच्छेदांच्या मध्ये किती, आणि मुख्य म्हणजे डावीकडे किती. तेवढ्यावर निकाल लागायचा. पसंत पडलं तर "हं". नाही पडलं तर "याला श्वास घ्यायला जागा नाही," एवढं म्हणून कागद आपल्या पुढ्यात परत. मग त्या कागदावर तुम्ही मंत्र्याला झापलेलं असो नाहीतर सासऱ्याची माफी मागितलेली असो, बाईंना त्याचं काही नाही.

डिलाईल रोडला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. पाटीवर 'मराठी-इंग्रजी टायपिंग, वर्ग व जॉबवर्क' एवढंच. स्वतः राहायच्या गिरगावात. रोज सकाळी दहाला बसमधून उतरायच्या, इस्त्रीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत डबा आणि एक फूटपट्टी. कमिटीच्या मीटिंगला पाणी आणि उंदीर या दोन विषयांवर एकमत न होणारी आमची चाळ त्यांच्या नावावर मात्र लगेच एकमताला आली. मार्जिनबाई. त्या स्वतः मार्जिन म्हणत नसत, समास म्हणायच्या. पण गिरणगावात समास म्हटलं की लोकांना शाळेतला मार आठवायचा, म्हणून मार्जिन.

त्यांचा सिद्धांत असा : "कागदाची डावी बाजू आपली नाही. ती सरकारची. सरकार तिथे भोक पाडतं, लेस ओवतं, वर शिक्का हाणतं. आपलं अक्षर तिथे सापडलं की मेलं." म्हणून डावीकडे दीड इंच कोरं. अर्ज असो, बारशाचं आमंत्रण असो, दीड इंच म्हणजे दीड इंच. चाळ कमिटीचे सेक्रेटरी तात्या, जन्मभर युनियनच्या लाल बावट्याखाली वाढलेले. ते एकदा दारात उभे राहून म्हणाले, "डावी बाजू सरकारची? बाई, अहो डावी बाजू आमची." बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमची असेल तर तुम्हीही ती रिकामी ठेवा." तात्या त्यानंतर आठ दिवस दुकानावरून जाताना दुसरीकडे बघत गेले.

मी त्यांच्याकडे कसा गेलो ते सांगतो. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी विणखात्यात बदली होतो. बदली म्हणजे कायमचा माणूस गैरहजर राहिला तर आपला नंबर. संपात सगळेच गैरहजर झाले, आणि माझा नंबर काही लागला नाही. बाबा "संप मिटला की येतो" सांगून गावी गेले, ते परत आलेच नाहीत. तिकडेच वारले. आये डबे करायची. मी नाक्यावर उभा राहायचो, जणू नाका मी धरला नाही तर पडेल. शेवटी आये एक दिवस भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "खालच्या बायकडे जा. बोटांका काम तरी गावतला."

गेलो. वर्गात नऊ मुली आणि मिशीवाला मी एकटा. बाईंनी माझं तोंड बघितलं नाही, हात बघितले.

"काय करत होता?"

"विणखात्यात होतो. धागा तुटला की गाठ मारायचो."

"किती वेळ लागायचा?"

"वेळ कसला, डोळ्याचं पातं लवलं की झाली गाठ."

"मग बोटं चांगली आहेत. डोकं मध्ये आणू नका, गजाननराव."

मला जन्मात कोणी राव म्हटलं नव्हतं. चाळीत मी गजा, आयेसमोर गजग्या, मुकादमाच्या तोंडी तर लिहिता येणार नाही असा काहीतरी. मी त्या दोन अक्षरांखातर वर्गात बसलो असं म्हणालात तरी चालेल. मुली परीक्षा देऊन गेल्या, मी राहिलो. वर्षभरात त्यांच्या शेजारच्या मशिनवर जॉबवर्क करायला लागलो.

बाई मूळच्या फोर्टातल्या हेड ऑफिसात टायपिस्ट होत्या, आणि ऑफिस कुणाचं, तर आमच्याच गिरणीचं. अठरा वर्षं गिरणीची पत्रं बडवली आणि गिरणी आतून कधी बघितली नाही. गिरणी बसली तेव्हा ऑफिसही बसलं. हे मला बरंच उशिरा कळलं, आणि मग एक शंका डोक्यात घर करून बसली. आम्हाला कामावरून काढल्याची नोटीस गेटावर लागली होती ना, ती मी चार वेळा वाचली होती. पहिल्यांदा रागानं, मग काही चुकलंय का बघायला. तिच्या डावीकडे भलीमोठी कोरी जागा होती, एवढं मला पक्कं आठवत होतं.

एका दुपारी मी विचारलंच. "बाई, गेटावरची ती नोटीस तुम्ही टाईप केली होती?"

त्यांनी बोटं थांबवली. "समास नीट होता ना?"

"नीट होता."

"मग झालं. मजकूर माझा नव्हता." आणि पुढची ओळ सुरू केली. पाच मिनिटांनी, मशिनकडे बघतच, म्हणाल्या, "सात प्रती काढल्या होत्या. कार्बनला हात लावावासा वाटत नव्हता." मला त्यांचा राग यायला हवा होता. खरं सांगतो, त्या दिवसापासून मी त्यांचा माणूस झालो.

गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की बाई त्याच्याही तोंडाकडे न बघता हाताकडे बघायच्या. 'आपला नम्र' आणि खालचं नाव यांच्यामध्ये सहीसाठी किती ओळी सोडायच्या, ते हातावरून ठरायचं. बँकेतला कारकून असेल तर दोन ओळी. गिरणीतला जॉबर, फिटर असेल तर चार. काळाचौकीच्या एका पैलवानासाठी सहा सोडल्या होत्या, आणि त्यानं त्या सहाही वापरल्या. "सही करताना माणसाला अडचण झाली की तो घाबरतो," त्या म्हणायच्या. "घाबरला की सही बदलते. सही बदलली की साहेब विचारतो, हा तूच का." अंगठेवाल्यांसाठी तर त्या चौकोनच आखायच्या, आणि अंगठा त्याच्या बरोब्बर मध्ये बसायचा. बँकेतल्या साहेबाचीसुद्धा सही एवढी देखणी दिसायची नाही.

त्यांचं लग्न का झालं नाही यावर चाळीत तीन मतं होती. तात्यांचं मत असं, की स्थळाचं पत्र आलं, त्याला समास नव्हता, बाईंनी तिथेच नकार दिला. हे इतकं पसरलं की नव्या भाडेकरूला चाळीचा इतिहास म्हणून सांगितलं जायचं. बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "पत्र चांगलं होतं. समासही होता. माणूसच आला नाही." मी चहा सांगितला.

मग कॉम्प्युटरचे दिवस आले. टाईपरायटरवरचे अर्ज आता साहेबलोकांना गावंढळ वाटायला लागले होते, दुकान टिकवायचं तर गत्यंतर नव्हतं. मी दादरला एका क्लासला तीन महिने गेलो, वर्ड प्रोसेसर शिकलो, आणि दुकानात एक जुना कॉम्प्युटर आणि करकरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आला. बाईंनी पहिल्या दिवशी पडद्याला फूटपट्टी लावली. डावीकडे दीड इंच भरत नाही म्हणाल्या. मी सांगितलं, बाई, पडद्यावरचं मोजायचं नसतं, छापून आल्यावर मोजायचं. "म्हणजे हे खोटं दाखवतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या बाजूनं तो विषय संपला.

टाईपरायटरवर ओळ संपत आली की टिंग करून घंटा वाजते, मग दांडा सारून पुढच्या ओळीवर जायचं. कॉम्प्युटरला घंटा नाही. म्हणून बाई ती तोंडानं वाजवायच्या. अगदी हळू, स्वतःपुरती, "टिंग," आणि एंटर. प्रत्येक ओळीला. क्लासमध्ये सांगितलं होतं की ओळ आपोआप खाली जाते, एंटर फक्त परिच्छेदाला मारायचा. मी तसं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "ओळ कुठे संपवायची ते मशिन ठरवणार? मग मी काय करणार?" रकाने पाडायचे तर स्पेसबारनं. नाव, मग मोजून बारा टिचक्या, मग पत्ता, मग टिंग आणि एंटर. क्लासमध्ये तक्ता घालायला शिकवलं होतं, चौकटी आपोआप येतात आणि प्रत्येक गोष्ट आपापल्या चौकटीत राहते. पण बाईंच्या हाताखाली इतकी वर्षं काढल्यावर मीसुद्धा टिंग आणि टिचक्यांवर आलो. क्लासची फी पाण्यात.

गिऱ्हाइकांना मात्र कॉम्प्युटर दिसला की नटायची हुक्की यायची. अक्षरांना सावली पाडा, नाव कमानीसारखं वाकवा, चारी बाजूंना वेल काढा. यात तात्या पुढे. नळाच्या तक्रारीवर त्यांना वर गणपती, खाली दोन मोर आणि मधला मजकूर पाच तऱ्हेच्या अक्षरांत हवा होता. "तात्या, तक्रार आहे, मुंज नाही," बाई म्हणाल्या. "साहेबाला पाणी येत नाही एवढंच कळू दे. मोर बघितल्यावर तो म्हणेल, यांचं बरं चाललंय." तात्यांनी एक मोर तरी ठेवा म्हणून घासाघीस केली. मोर गेला, आणि नळाला पुढच्या महिन्यात पाणी आलं. बाईंचं म्हणणं, समासामुळे.

आता मुख्य गोष्ट. चाळ पाडून नवी इमारत होणार असं ठरत आलं, आणि संबंधित कार्यालयानं चौसष्ट खोल्यांची यादी मागितली. खोली नंबर, मूळ भाडेकरू, त्याची बायको किंवा दुसरा वारस, आणि शेवटचा रकाना कोरा. त्यात पुढे कधीतरी साहेबांसमोर ओळख पटवून भाडेकरूनं, तो नसेल तर वारसानं, सही करायची. ज्याचं नाव ज्या खोलीपुढे, ती खोली त्याची. शुक्रवारी दुपारी दोनच्या आत यादी पोचली नाही तर आमची चाळ पुढच्या खेपेला, आणि पुढची खेप कधी ते त्या साहेबालाही ठाऊक नव्हतं. आमची खोली सदतीस. पावती बाबांच्या नावावर, आणि बाबा तर नव्हते. आयेचं नाव आणि सदतीस नंबर हे दोन्ही एकत्र असलेला एकही कागद जगात नव्हता. ही यादी हा पहिला. त्यामुळे बाकीच्या त्रेसष्ट कशाही टाईप झाल्या असत्या तरी ती एक ओळ मी जीव ओतून केली होती. टिचक्या दोनदा मोजल्या होत्या.

गुरुवारी बाई आल्या नाहीत, भाचीच्या मुलीचं केळवण होतं. संध्याकाळी तात्या आले, पडद्यात डोकं घातलं आणि म्हणाले, "गजा, अक्षर बारीक आहे रे. म्हाताऱ्यांना दिसणार काय? आणि ही डावीकडची जागा काय भाड्यानं द्यायची आहे? घे ती, अक्षर मोठं कर."

"बाई काय म्हणतील, तात्या."

"बाई गिरगावात राहतात. खोल्या आपल्या आहेत."

मी डोकं मध्ये आणलं. सगळा मजकूर निवडला, अक्षर दोन घरं मोठं केलं, डावीकडचं दीड इंच अर्ध्यावर आणलं. छापलं. तात्यांनी कागद प्रिंटरमधून फाडून घेतला आणि न वाचता जिन्याखालच्या फळ्यावर लावला, वर खडूनं 'हरकती असल्यास कळवाव्यात' असं लिहून.

हरकती यायला दहा मिनिटं लागली. झालं होतं असं, की अक्षर मोठं झाल्यावर एकेक ओळ कागदात मावेना, आणि प्रत्येक ओळीचं शेपूट, म्हणजे वारसाचं नाव, घसरून खालच्या ओळीवर डावीकडे जाऊन बसलं होतं. पुढच्या खोलीच्या नंबराच्या बरोबर डोक्यावर. बघणाऱ्याला सरळ दिसायचं की चाळीतली प्रत्येक बायको एक खोली पुढे राहायला गेली आहे. चौदा नंबरचे सावंत मोठ्यानं वाचत होते, "माझी शैला पंधरात?" पंधरातले कांबळे अठ्ठावन्न वर्षांचे ब्रह्मचारी, ते लाजून वरच निघून गेले. चौसष्टातल्या वहिनी तर चाळीच्या बाहेर, खाली कोऱ्या कागदावर एकट्याच उभ्या.

आणि आये अडतिसात. अडतीस म्हणजे म्हात्रेवहिनींची खोली. वहिनी बालवाडीच्या शिक्षिका होत्या, आणि सुके बोंबील कुणाच्या दारासमोर वाळत घालायचे या प्रश्नावर सहा वर्षं त्या दोघींचं बोलणं नव्हतं. आयेनं यादी वाचून घेतली, पदर खोचला आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "त्या म्हात्रेणीच्या खोलीत? मेलंय तरी जाऊचंय नाय." वरून म्हात्रेवहिनी शांतपणे म्हणाल्या, "घेतंय कोण?"

लोक हसत होते. मला हसू येत नव्हतं. मी दुकानात जाऊन दुरुस्तीला बसलो. इथल्या चार टिचक्या काढ, तिथे एंटर मार, हे वर ओढ. वर ओढलं की खालचं दुसरंच काहीतरी सरकायचं. तासाभरात यादी अशी झाली की आधीची बरी होती, आणि शहाणपणा करून मी तीच सेव्ह केली. दुसरी प्रत नव्हती. त्या रात्री आये डाळ वाढताना एवढंच म्हणाली, "माझा नाव खंय असतला रे?"

शुक्रवारी दहाला बाई बसमधून उतरल्या तेव्हा मी आणि तात्या स्टॉपवरच उभे. तात्या पहिल्यांदाच त्यांची पिशवी धरायला पुढे झाले. बाईंनी दिली नाही. दुकानात येऊन यादी हातात घेतली, खिडकीशी गेल्या, उजेडात धरली.

"डोकं मध्ये आणलंत, गजाननराव."

"तात्या म्हणाले म्हणून," मी म्हटलं. तात्या पंख्याकडे बघत होते.

मला वाटलं, आता टाईपरायटरवरचं आवरण निघणार. बाई त्याच्याकडे वळल्याही. मग घड्याळ बघितलं आणि कॉम्प्युटरसमोरची खुर्ची ओढली. "तुमच्या क्लासमध्ये तो चौकटींचा तक्ता शिकवला होता ना? काढा बघू."

मी काढला. पहिल्या चौकटीत तात्यांच्याच खोलीतलं लांबलचक नाव घातलं. नाव चौकटीत मावेना, ते मुकाट्यानं त्याच चौकटीत खालच्या ओळीवर गेलं. शेजारचं काही हललं नाही. बाई पुढे वाकून बघत राहिल्या. अक्षर मोठं करायला लावलं, लहान करायला लावलं, पुन्हा मोठं करायला लावलं.

"खाली उतरलं तरी आपल्याच खोलीत उतरतं," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"मग एवढी वर्षं मला सांगितलं का नाहीत?"

मी पुढची चौकट भरायला घेतली. अक्षर मोठंच ठेवलं त्यांनी, तात्यांचं तेवढं बरोबर होतं म्हणाल्या. पानं तिनाची पाच झाली तर होऊ द्यात. फक्त डावा समास त्यांनी स्वतःच्या बोटांनी घातला, दीड. तात्या हातातल्या वहीतून खोल्या वाचत होते, मी बडवत होतो. चाळीस नंबरापर्यंत आलो आणि खात्री म्हणून एक पान छापून बघितलं, तर रिबन फिकी. नवी आणायला मी नाक्यावर पळालो. परत येऊन उरलेल्या खोल्या भरल्या, आणि काम हातावेगळं झालं म्हणून चहा प्यायला गेलो. आलो तर बाई माऊस दोन्ही हातांनी धरून यादीशी काहीतरी करत होत्या.

बघतो तर चौकटींच्या उंचीचा बट्ट्याबोळ. एक ओळ बुटकी, एक उंच, एक त्याहून उंच. "बाई, ओळी लहानमोठ्या झाल्यात. सारख्या करू? एका क्लिकचं काम आहे."

"हात लावू नका."

मी ओळखलं. पहिल्यांदा माऊस धरला, घसरला, आता कबूल करवत नाही. म्हाताऱ्या माणसाची चूक चारचौघांत काढू नये, म्हणून मी मोठ्या मनानं गप्प बसलो. कसली मोठी मनं असतात आपली. चार प्रती छापल्या, बाईंनी वीसच्या वीस पानांचं दीड इंच फूटपट्टीनं मोजलं, आणि तात्या टॅक्सी करून निघाले. दोनला दहा कमी असताना यादी टेबलावर पोचली.

त्यानंतर बाईंना तक्त्याचं असं काही वेड लागलं की विचारू नका. बहिणीला पत्र लिहिलं तेही तक्त्यात. डावीकडच्या रकान्यात विषय, उजवीकडे खुशाली. बहिणीचं उत्तर आलं, तब्येत बरी आहे ना?

पुढे डोळे गेले. मोतीबिंदू काढला, पण पूर्वीसारखं दिसेना. डोंबिवलीला भाचीकडे राहायला जायचं ठरलं. दुकान माझ्या नावे करून देणारा कागद त्यांनी स्वतः टाईप केला, तोंडानं टिंग करत. त्यांच्या नावाच्या वर सहीसाठी दोन ओळी, माझ्या नावाच्या वर पाच. "विणकराचा हात आहे, पसरतो," म्हणाल्या. मी सही केली, पाचही ओळी लागल्या, आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी प्रिंटर दुरुस्त करायला वाकलो. प्रिंटरला काही झालं नव्हतं. दोन वर्षांनी त्या गेल्याचं भाचीनं पाठवलेल्या कार्डावरून कळलं. कार्ड तीन रंगांत, नाव कमानीत वाकवलेलं, चारी बाजूंना वेल, आणि डावीकडे पाव इंचसुद्धा नाही. माणूस गेल्याचं दुःख होतंच. पण तो कागदही बघवत नव्हता.

चाळीच्या यादीवर सह्या घ्यायला बोलावणं आलं, तोवर नऊ-दहा वर्षं उलटली होती. आयेला टॅक्सीनं नेलं. तिला ऐंशी गाठायला आलेली, डबे करून करून बोटं सुजलेली, वाकडी झालेली. सही ती पन्नाशीनंतर शिकली होती, बाईंकडूनच, मोठमोठ्या अक्षरांत आणि पूर्ण नाव. त्याहून लहान तिला येतच नव्हतं.

आमच्या आधी दुसऱ्या कुठल्यातरी चाळीचे लोक होते. त्यांची फाईल उघडली तर यादी अगदी कडेपासून टाईप केलेली. पंचिंगची भोकं खोलीच्या नंबरांतून गेलेली, लेस तीन नावांवरून, आणि उरलेल्यावर शिक्का. कारकून म्हणाला, हे वाचता येत नाही, नव्यानं यादी करा, प्रत्येकाचं प्रतिज्ञापत्र जोडा आणि मग या. त्यांच्यातला एक म्हातारा पान उजेडात धरून भोकातून बघत होता, जणू पलीकडे आपला नंबर दिसेल.

मग आमची फाईल. भोकं होती. लेस होती. शिक्के तर दोन होते. सगळं डावीकडच्या कोऱ्या जागेत, आणि चौसष्टच्या चौसष्ट नंबर शाबूत. कारकुनानं बोट फिरवत फिरवत सदतिसावर आणलं, पुढे बाबांचं नाव, त्याच्या पुढे, त्याच ओळीत, आयेचं.

"डावीकडे एवढी जागा कशाला सोडलीत?" तो म्हणाला. "कागद फुकट घालवलात."

"ती जागा तुमची, साहेब," मी म्हटलं.

त्यानं मान वर करून बघितलं. यादी आयेकडे सरकवली. "आजी, शेवटच्या चौकटीत सही करा. बाहेर जायला नको हं, नाहीतर मोजणार नाही." मग पानाकडे बघून पुटपुटला, "टायपिस्ट कोण होता? ओळी बघा कशा, एक दुसरीएवढी नाही."

मी तेव्हा पहिल्यांदा, मागची पानंही उलटून, त्या ओळी नीट बघितल्या. अडतीस बुटकी. म्हात्रेवहिनी मुंगीएवढ्या अक्षरात सही करायच्या. चौदातले सावंत फिटर, चौदा उंच. पंधरातले कांबळे टपाल खात्यात होते, पंधरा बेताची. बावीस नंबरच्या आजीचा अंगठा, तिथे बरोब्बर चौकोन. सगळी चाळ कधी ना कधी त्या खुर्चीत बसून गेली होती, आणि बाईंना चौसष्टच्या चौसष्ट हात पाठ होते. मी एका क्लिकमध्ये ते सारखे करणार होतो.

सदतीस नंबरची ओळ त्या पानावर सगळ्यांत उंच होती.

आये पेन मुठीत धरून लिहीत होती. पहिलं नाव, मग बाबांचं, ते संपेपर्यंत चौकटीची रुंदी संपली. ती थांबली नाही, आडनाव खाली घेतलं. खाली जागा होती. आमच्या मागे रांग खोळंबली होती, कारकून घड्याळ बघत होता. शेवटची रेघ ओढून आयेनं पेन ठेवलं, कागद लांब धरून बघितला.

"माझा नाव सगळा बसला बघ," ती म्हणाली.